तापाचा कितवा दिवस?

जून संपत आला की महाराष्ट्रातल्या दवाखान्यांचे बाक तापाच्या पेशंटनी भरू लागतात. कुणाला थंडी वाजून ताप येतो, कुणाचं अंग मोडून येतं, कुणाचं डोकं ठणकत असतं, तर कुणाला नुसतीच कणकण असते. यातले बहुतेक जण पाच-सात दिवसांत आपोआप बरे होणार असतात. डॉक्टरांनी काहीही लिहून दिलं तरी, आणि काहीच दिलं नाही तरी. पण त्याच बाकावर एखादा फाल्सिपेरम मलेरियाचा पेशंट बसलेला असतो. एखादीला डेंग्यू झालेला असतो आणि तिची खरी परीक्षा अजून दोन दिवसांवर असते. एखादा भाताच्या खाचरातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) घेऊन आलेला असतो. पहिल्या दिवशी हे सगळे सारखेच दिसतात. सगळ्यांना ताप आहे, सगळ्यांचं अंग दुखतंय, सगळ्यांच्या तोंडाची चव गेली आहे.

या गर्दीतून गंभीर आजाराचा माणूस वेळेत कसा ओळखायचा, हा आपल्याकडच्या वैद्यकीय व्यवसायातला जुना आणि दरवर्षी नव्याने पडणारा प्रश्न. त्याचं उत्तर आपण नव्या तपासण्यांत आणि भारी अँटिबायोटिकांत शोधत आलो आहोत. माझ्या मते ते दिवसांच्या हिशेबात आहे. ताप कधी सुरू झाला, आज कितवा दिवस आहे आणि हा पेशंट पुन्हा कधी दिसणार आहे, या तीन गोष्टी पक्क्या असतील तर साध्या दवाखान्यातही जीव वाचतात. त्या पक्क्या नसतील तर उत्तम लॅबचा रिपोर्टसुद्धा फसवतो.

पण दिवस मोजण्याआधी पत्ता विचारायला हवा, कारण तापाला गाव असतं. पुण्यात 1952 मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून विषाणू संशोधन केंद्र काढलं. आज ते राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था म्हणून ओळखलं जातं. या संस्थेचा इतिहास म्हणजे आपल्या भागातल्या तापांचा नकाशाच आहे. 1965 मध्ये नागपूरच्या तापाच्या रुग्णांत एक अनोळखी विषाणू सापडला आणि त्याला तिथल्याच चांदीपुऱ्याचं नाव मिळालं. पुढे 2003 मध्ये आंध्र प्रदेशात आणि महाराष्ट्रात त्याच विषाणूने लहान मुलांचा घास घेतला. सकाळी ताप, दुपारी झटके आणि एक-दोन दिवसांत सगळं संपलं, अशी ती साथ होती. 1973 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुनियाची मोठी साथ आली. त्यानंतर हा आजार तीस वर्षांहून अधिक काळ जवळपास दिसेनासा झाला, आणि 2005-06 मध्ये परतला तेव्हा सांधे धरून वाकत चालणारी माणसं पाहून डॉक्टरांची एक अख्खी पिढी चकित झाली. 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला.

दक्षिण कोकणाची गोष्ट याहून वेगळी. 1957 मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेलेला माकडताप 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात थडकला. तो गोचिडीमुळे होतो आणि त्याचा हंगाम साधारण जानेवारी ते मे, म्हणजे काजूच्या बागेत आणि पाचोळ्यात माणसं वावरतात तेव्हाचा. पावसाळी तापाच्या चौकटीत तो बसत नाही, म्हणून सुरुवातीला निसटतो. गडचिरोलीच्या जंगलात ताप म्हटला की आधी मलेरिया आठवायचा. विदर्भात 2018 पासून स्क्रब टायफस ध्यानात ठेवायचा, कारण त्या वर्षी नागपूर आणि आसपास त्याची मोठी साथ झाली. मुंबई-पुण्यात साठवलेल्या स्वच्छ पाण्यावर वाढणारा एडिस डास आणि त्याचा डेंग्यू. कोकणात आणि तुंबलेल्या मुंबईत लेप्टो. त्यामुळे ‘कुठे राहता, काम काय करता, गेल्या दोन-तीन आठवड्यांत कुठे जाऊन आलात, घोटाभर पाण्यातून चाललात का, घरात आणखी कुणाला ताप आहे का’ हे पाच प्रश्न फुकटातल्या पाच तपासण्या आहेत. गणपतीला गावी जाऊन आलेल्या मुंबईकराचा ताप हा अनेकदा मुंबईचा नसतो.

इतिहास विचारून झाला की हात लावण्याची पाळी. गर्दीत नेमकी इथेच काटकसर होते. स्क्रब टायफस हा गवतात-झुडपात असणाऱ्या अगदी बारीक किड्याच्या अळीच्या चाव्यातून होतो, आणि चावल्या जागी पुष्कळदा सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली पडते. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून पेशंटला तिचा पत्ताच नसतो. काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरेच्या नाडीजवळ ती दडलेली असते. शर्ट न काढता तपासलेल्या पेशंटची खपली दिसणार नाही, आणि ती दिसली तर मग निदानाला लॅबची वाट पाहावी लागत नाही. बायकांच्या बाबतीत हे अवघड जातं, हे मान्य. पण आडोसा, सोबत नर्स किंवा घरची बाई, आणि दोन मिनिटं, एवढ्याने ते जमतं. लेप्टोची खूणही अशीच हाताला लागते: पोटऱ्या दाबल्या की माणूस कळवळतो, आणि डोळे लाल असतात पण त्यांत चिपडं नसतात. त्यावर डोळ्यांत पिवळी झाक आणि लघवी कमी, ही जोडी दिसली तर पेशंटला घरी पाठवायचं नाही.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित मोजणी श्वासाची. डॉक्टर अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीत 1990 च्या सुमारास दाखवून दिलं की गावातल्या, थोडं शिकलेल्या कार्यकर्त्यांनाही मुलांचा न्यूमोनिया ओळखता येतो आणि त्याचा उपचार करता येतो; आणि त्याने बालमृत्यू कमी होतात. त्यासाठी त्यांनी मण्यांचं एक साधं साधनही बनवलं होतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, दोन महिने ते वर्षाच्या मुलाचे पन्नास, वर्ष ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा घड्याळ असलेल्या कुणालाही वापरता येते. मोठ्या माणसात मिनिटाला बावीस किंवा जास्त श्वास, वरचं ब्लड प्रेशर शंभर किंवा त्याखाली, आणि बोलण्यात घोटाळा, या तिन्हींपैकी दोन गोष्टी दिसल्या तर रोगाचं नाव कळण्याआधीच तो माणूस गंभीर आहे. तापाच्या पेशंटचा थर्मामीटरवरचा आकडा सगळे लिहितात. श्वासाचा आकडा असलेले केसपेपर मात्र मी फार कमी पाहिले आहेत.

आता तपासण्या. इथे दिवसाचा हिशेब सगळ्यात जास्त चुकतो, आणि त्याचं ठळक उदाहरण म्हणजे विडाल.

फर्नांद विडाल या फ्रेंच डॉक्टरांनी 1896 मध्ये टायफॉइडची ही रक्तचाचणी दिली. तिला आता सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. टायफॉइडच्या जंतूविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्यं ती शोधते. ही प्रतिद्रव्यं पहिल्या आठवड्यात बहुधा पुरेशी तयार झालेली नसतात, जुन्या टायफॉइडनंतर किंवा लसीनंतर रेंगाळतात, आणि दुसऱ्या काही संसर्गांतही वाढल्यासारखी दिसतात. म्हणजे तिसऱ्या दिवशी केलेली एकटी विडाल ‘नाही’ म्हणाली तरी खात्री नाही आणि ‘आहे’ म्हणाली तरी नाही. हे आकड्यांत पाहू. समजा, तापाच्या 1,000 पेशंटमध्ये खरे टायफॉइडचे 50 आहेत. समजा, चाचणी शंभरातले सत्तर खरे आजारी पकडते आणि टायफॉइड नसलेल्या शंभरातल्या वीस जणांना चुकून टायफॉइडचे ठरवते. मग 50 पैकी 35 खरे सापडतील. उरलेल्या 950 मधून मात्र 190 जण उगाचच टायफॉइडचे ठरतील. ‘टायफॉइड पॉझिटिव्ह’ असा कागद हातात आलेल्या 225 माणसांपैकी 190 जणांना टायफॉइड नाही. आकडे मी गृहीत धरलेले आहेत, पण ते थोडे इकडे-तिकडे केले तरी चित्र फारसं बदलत नाही. आपल्या घराघरांत ‘मला तीनदा टायफॉइड झालाय’ असं सांगणारी जी माणसं भेटतात, त्यांतल्या अनेकांचा टायफॉइड हा या हिशेबातून आलेला आहे.

त्यावरचा उपाय म्हणजे अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घेतलेलं ब्लड कल्चर. तेही परिपूर्ण नाही. खऱ्या टायफॉइडच्या साधारण निम्म्या रुग्णांतच जंतू उगवतो आणि त्याला दोन-तीन दिवस लागतात. पण उगवला, तर कोणतं औषध चालेल हेही कळतं. आज ते कळणं फार गरजेचं आहे, कारण एके काळी टायफॉइडवर हुकमी असलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनला आपल्याकडचे बहुतेक जंतू दाद देत नाहीत. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन यांवर सध्या भिस्त आहे. टायफॉइडबद्दल एक चांगली गोष्टही सांगायला हवी: 2018 मध्ये नवी मुंबई महापालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांना टायफॉइडची नवी संयुग्म लस सार्वजनिक मोहिमेतून द्यायला सुरुवात केली. एखाद्या रोगाचं निदान इतकं कटकटीचं असेल तर तो होऊच न देणं हे सर्वांत शहाणपणाचं.

डेंग्यूच्या तपासण्यांनाही तारीख असते. एनएस-1 हा विषाणूचा अंश रक्तात पहिल्या चार-पाच दिवसांत सापडतो, नंतर विरतो. आयजीएम प्रतिद्रव्यं पाचव्या दिवसाच्या आसपास दिसू लागतात आणि मग महिना-दोन महिने, कधी त्याहून जास्त राहतात. सहाव्या दिवशी एनएस-1 केली आणि ‘निगेटिव्ह, म्हणजे डेंग्यू नाही’ म्हणून पेशंटला सोडलं, तर दोष चाचणीचा नसतो. लेप्टोची आयजीएमही पाचव्या-सहाव्या दिवसानंतरच भरवशाची. मलेरियाचं तेवढं वेगळं आहे: रक्ताची काच किंवा रॅपिड टेस्ट कोणत्याही दिवशी करता येते, पण एकदा निगेटिव्ह आली म्हणून विषय संपत नाही. संशय असेल तर पुन्हा, आणि पुन्हा. 1897 मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी पाहिला, तो असंख्य डास चिरल्यावर. परजीवी शोधायला चिकाटी तेव्हाही लागत होती, आताही लागते.

मग पहिल्या तीन दिवसांत करायचं काय? बेशुद्धी नाही, धाप नाही, ब्लड प्रेशर ठीक आहे, पोटात पाणी टिकतंय आणि लघवी होतेय, अशा माणसाला पॅरासिटामॉल, भरपूर पातळ पदार्थ आणि विश्रांती. मलेरियाची तपासणी आणि सीबीसी. बस. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन नको, आयबुप्रोफेन नको, अ‍ॅस्पिरिन तर मुळीच नको, कारण डेंग्यू निघाला तर रक्तस्राव वाढतो आणि लेप्टो निघाला तर किडनीवर ताण येतो. लहान मुलांना निमेसुलाइड देण्यावर तर भारतात 2011 मध्येच बंदी आली. बारा वर्षांखालच्या कुणालाही ते देऊ नये. स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन ताप झटक्यात उतरवणं हा मोठाच घात आहे. पेशंटला बरं वाटतं, डॉक्टरांचा हातगुण गाजतो, आणि आतला आजार दोन दिवस झाकून वाढत राहतो. तान्ही बाळं, गरोदर बायका, म्हातारी माणसं, मधुमेहाचे किंवा किडनीचे पेशंट यांना मात्र ‘तीन दिवस पाहू’ हा नियम लागू नाही.

‘व्हायरल आहे’ हे वाक्य मला अजिबात हलकं वाटत नाही. योग्य तपासून म्हटलेलं असेल तर ते निदानच आहे. पण त्याला जोडून दुसरं वाक्य हवं: ‘चौथ्या दिवशी ताप असला तरी या आणि उतरला तरी या.’

उतरला तरी का, हे डेंग्यूत कळतं, आणि या सगळ्या लेखात एकच गोष्ट वाचकांनी घरी न्यावी असं मला वाटत असेल तर ती ही. डेंग्यूचा धोका ताप चढलेला असताना कमी असतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, आणि घरचे हुश्श करतात, त्याच सुमारास बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तातला पातळ भाग बाहेर पाझरू लागतो. पोटात, छातीत पाणी साठतं. रक्त घट्ट होतं. हा काळ साधारण एक ते दोन दिवसांचा असतो. बहुतेकांत हा पाझर थोडा असतो आणि जाणवतही नाही. काहींत तो इतका असतो की माणूस हातपाय गार पडून शॉकमध्ये जातो. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये डेंग्यूची वर्गवारी बदलली आणि धोक्याच्या खुणांना मध्यभागी आणलं: पोटात सतत दुखणं, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, विलक्षण गळून जाणं किंवा उगाच तळमळ, यकृताला सूज, आणि पेशी (प्लेटलेट) झपाट्याने उतरत असताना हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्ताचा घट्टपणा, वाढणं. यातलं एकही दिसलं तर अ‍ॅडमिट.

पण आपल्याकडे सगळं लक्ष असतं ते पेशींवर. ‘पेशी किती?’ हा प्रश्न दिवसातून तीनदा विचारला जातो, पपईच्या पानांचा रस काढला जातो, बकरीच्या दुधाला आणि किवीला सोन्याचा भाव येतो, आणि रक्तपेढीसमोर नातेवाइकांची रांग लागते. पपईच्या पानांच्या अर्काने पेशी थोड्या लवकर वाढतात असं काही लहान अभ्यासांत दिसलं आहे. त्याने मृत्यू टळतात असं कोणी दाखवलेलं नाही. आणि 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या सिंगापूर-मलेशियातल्या चाचणीने दाखवलं की पेशी 20,000 किंवा त्याखाली आल्या तरी रक्तस्राव नसलेल्या मोठ्या माणसांना केवळ खबरदारी म्हणून प्लेटलेट चढवल्याने रक्तस्राव कमी झाला नाही, उलट त्रास वाढला. पेशी दहा हजारांखाली गेल्या किंवा खरोखर रक्त जाऊ लागलं, तर गोष्ट वेगळी. एरवी डेंग्यूत माणूस जातो तो बहुधा पाझरामुळे आणि उशिरा ओळखलेल्या शॉकमुळे. म्हणून पेशींच्या शेजारच्या ओळीतला हिमॅटोक्रिट पाहावा, वरच्या आणि खालच्या ब्लड प्रेशरमधलं अंतर पाहावं (ते वीसवर किंवा त्याखाली आलं की धोका), आणि गेल्या सहा तासांत लघवी झाली का ते विचारावं. शेवटची गोष्ट आईलाही पाहता येते.

सलाईनचंही तसंच आहे. पाझर चालू असताना सलाईन कमी पडलं तर शॉक, आणि पाझर थांबल्यावर तेच पाणी रक्तात परतत असताना जास्त दिलं तर फुफ्फुसात पाणी. म्हणून गंभीर डेंग्यूत सलाईन तासातासाला मोजून द्यावं लागतं. तापाच्या प्रत्येक पेशंटला एक बाटली लावायची पद्धत या मोजण्याच्या अगदी उलट आहे. 2011 मध्ये केनिया, टांझानिया आणि युगांडातल्या तीन हजारांवर गंभीर आजारी मुलांवर झालेली एक चाचणी जगभर गाजली: तापाने आणि रक्ताभिसरण मंदावल्याने आजारी असलेल्या मुलांना झपाट्याने सलाईन दिलं तर 48 तासांतले मृत्यू साडेदहा टक्क्यांच्या आसपास, आणि न दिलेल्यांत साडेसात टक्क्यांच्या आत. ती मुलं डेंग्यूची नव्हती, त्यातली पुष्कळशी मलेरियाची होती. त्यामुळे तो निष्कर्ष आहे तसा इथे उचलता येत नाही. पण सलाईन हे औषध आहे, त्याला डोस आहे आणि तो चुकला तर जीव जातो, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

मलेरियावर औषधं उत्तम आहेत. चीनच्या तू यूयू यांनी एका जुन्या वनौषधीतून आर्टेमिसिनिन वेगळं केलं आणि 2015 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. फाल्सिपेरमसाठी आर्टेमिसिनिनचं जोड-औषध, आणि गंभीर असेल तर शिरेतून आर्टेसुनेट. क्विनाइनपेक्षा आर्टेसुनेटने मृत्यू कमी होतात हे आधी आशियातल्या मोठ्यांत आणि मग आफ्रिकेतल्या मुलांत सिद्ध झालं. व्हायवॅक्स या दुसऱ्या प्रकारच्या मलेरियाला क्लोरोक्विन पुरतं, पण तो यकृतात दबा धरून बसतो, म्हणून सोबत चौदा दिवस प्रायमाक्विन. ताप तिसऱ्या दिवशी जातो आणि गोळ्या पाचव्या दिवशी सुटतात. मग दोन-चार महिन्यांनी तोच ताप परत येतो आणि डास बदनाम होतो. प्रायमाक्विनआधी जी-6-पीडी नावाच्या विकराची कमतरता नाही ना हे पाहणं आणि गरोदर बाईला ते न देणं, या दोन गोष्टी विसरता येत नाहीत.

आता येतात ते दोन आजार, ज्यांत रिपोर्टची वाट पाहणं हाच घोटाळा ठरतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरलं आणि त्यानंतर मुंबईत लेप्टोची साथ उसळली. उंदरांच्या आणि गुरांच्या लघवीतला जंतू तुंबलेल्या पाण्यातून पायाच्या भेगांत, जखमांत शिरतो, आणि साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी ताप येतो. बहुतेकांचा ताप साधाच असतो. पण काहींची किडनी, यकृत आणि फुफ्फुसं एकदम घेरली जातात, आणि खोकल्यातून रक्त येऊ लागलं की हातात तास उरतात. लेप्टो आणि स्क्रब टायफस या दोन्हींवर चालणारं डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध आहे आणि ते प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळू शकतं. भारतातल्या अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्ये उष्ण प्रदेशातल्या तापांसाठी मार्गदर्शिका काढली. तिचा गाभा असा की गंभीर तापाच्या पेशंटला नुसता ताप, पुरळ आणि कमी पेशी, धाप, बेशुद्धी किंवा अनेक अवयव निकामी, अशा गटांत टाकावं, आणि त्या गटाला लागू पडणारी औषधं लगेच सुरू करावीत. त्यांत सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसोबत डॉक्सिसायक्लिन असावं. रिपोर्ट आला की नको ते बंद करावं. ही रीत मला अतिशय व्यवहार्य वाटते. 2023 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने भारतातल्या सात केंद्रांत झालेल्या चाचणीत गंभीर स्क्रब टायफसला शिरेतून डॉक्सिसायक्लिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन ही जोडी एकेकट्या औषधापेक्षा सरस ठरली. लहान मुलांचे दात पिवळे पडतील म्हणून डॉक्सिसायक्लिन टाळायचा जुना धसकाही आता सुटला आहे; थोड्या दिवसांच्या कोर्सने तसं होत नाही. गरोदर बाईला अ‍ॅझिथ्रोमायसिन आहे.

इथे एक विसंगती दिसेल. एकीकडे पहिल्या दिवशी अँटिबायोटिक नको म्हणायचं, दुसरीकडे रिपोर्टआधी द्या म्हणायचं. फरक पुन्हा दिवसाचा आणि गंभीरपणाचा आहे. दुसऱ्या दिवशीच्या, चालत आलेल्या पेशंटला सेफिक्झिम दिलं तर पुढचं ब्लड कल्चर बिघडतं आणि दुसरं काही साधत नाही. पाचव्या दिवशीच्या, धाप लागलेल्या शेतमजुराला डॉक्सिसायक्लिन दिलं नाही तर सकाळपर्यंत उशीर झालेला असू शकतो. गडबड अशी की आपल्याकडे पहिल्याला मिळतं आणि दुसऱ्याला राहून जातं.

दोन आठवड्यांच्या पुढे गेलेला ताप पावसाचा राहत नाही. संध्याकाळी चढणारी कसर, वजन उतरणं, खोकला असो वा नसो, आधी टीबीचा विचार करायचा. इथे एक औषध घात करतं: लिव्होफ्लॉक्सासिनसारखी फ्लुरोक्विनोलोन्स. टीबीचा जंतू त्यांनी अर्धवट दबतो, पेशंटला आठ दिवस बरं वाटतं, निदान महिनाभर लांबतं, आणि पुढे तेच औषध त्या जंतूवर चालेनासं होण्याची भीती असते. थुंकीच्या जनुकीय तपासणीसाठी गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारं यंत्र आता देशभर वापरात आहे, जागतिक आरोग्य संघटनेनेही 2020 मध्ये त्याला मान्यता दिली. तासाभराच्या आसपास निकाल मिळतो आणि रिफॅम्पिसिन चालेल की नाही हेही त्याच नमुन्यावरून तपासता येतं. टीबीला निदानाचं साधन मिळालं. ते वेळेवर आठवण्याची सवय मात्र खासगी दवाखान्यात अजून सगळीकडे रुजलेली नाही.

हे सगळं वैद्यकीय ज्ञान नवं नाही. मग ते बाकापर्यंत का पोचत नाही? डॉक्टरांना आळशी किंवा लोभी ठरवून या प्रश्नातून सुटता येत नाही. खेड्यातल्या पेशंटला दुसऱ्या भेटीची किंमत मोजावी लागते: एक दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं, पुन्हा फी. त्यामुळे त्याला आजच, एकाच फेरीत बरं व्हायचं असतं. तालुक्याच्या गावात दवाखाना चालवणाऱ्या, बहुधा आयुर्वेदाची किंवा होमिओपॅथीची पदवी घेतलेल्या डॉक्टरांना हे पक्कं ठाऊक असतं. नुसत्या पॅरासिटामॉलवर पाठवलेला पेशंट उद्या समोरच्या दवाखान्यात जाईल आणि तिथे त्याला इंजेक्शन मिळेल. म्हणून पहिल्याच भेटीत विडाल, अँटिबायोटिक आणि सलाईन. दोघंही आपापल्या जागी समजून घेण्यासारखे आहेत, आणि दोघांच्या मध्ये चौथा दिवस हरवतो. सरकारी रुग्णालयात तर ओपीडीच्या रांगेत दर वेळी नवा डॉक्टर भेटतो; कालचं पोट आजच्या पोटापेक्षा मऊ होतं की कडक, हे सांगू शकेल असा हातच तिथे नसतो.

उपाय मला पैशाच्या आणि माहितीच्या रचनेत दिसतात. एका तापाला एकच फी, त्यात दुसरी भेट आणि एक फोन धरलेला, ही पद्धत पावसाळ्यापुरती तरी डॉक्टरांच्या संघटनांनी आपणहून आणावी. यात त्यांचं फारसं जाणार नाही आणि पेशंट टिकेल. केसपेपरवर वयाच्या शेजारी ‘तापाचा दिवस’ असा रकाना छापावा. आशाताईंना आज मलेरियाच्या रॅपिड टेस्टचं काम आहेच. तापाच्या घरी चौथ्या-पाचव्या दिवशी जाऊन लघवी, उलट्या, पोटदुखी आणि श्वास एवढं पाहण्याचं काम, त्याच्या वेगळ्या मोबदल्यासह, त्यांना द्यावं. मोबदल्याशिवाय आणखी एक काम त्यांच्या डोक्यावर टाकू नये, हे त्यांच्या इतक्या आंदोलनांनंतर तरी कळायला हवं.

आणि माहिती. देशात 2004 पासून साथरोगांचं एकात्मिक सर्वेक्षण चालू आहे, गावोगावचे आकडे गोळा होतात. पण त्यांचा प्रवास मुख्यतः वर, जिल्ह्याकडे आणि पुण्याकडे. खाली, खासगी दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरांकडे ते परत येत नाहीत, आणि बहुतेक ताप तर त्यांच्याकडेच येतो. तालुक्यात गेल्या आठवड्यात तपासलेल्या तापांपैकी डेंग्यूचे किती, लेप्टोचे किती, मलेरियाचे आणि स्क्रबचे किती निघाले, एवढी दोन ओळींची माहिती दर सोमवारी त्यांच्या फोनवर आली, तर विडालच्या त्या हिशेबातला पहिला आकडा, हजारात खरे आजारी किती, त्यांना अंदाजाने धरावा लागणार नाही.